सोन्याचे कण लाल का दिसतात, ते एकदा नीट छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या विज्ञानाच्या पानावर मध्यंतरी नॅनो कणांवर एक लेख आला होता, त्यात लिहिलं होतं की सोनं फार बारीक केलं की क्वांटम परिणामामुळे ते लाल दिसायला लागतं, आणि सोबत फोटो छापला होता निळ्या, हिरव्या, केशरी चमकणाऱ्या बाटल्यांचा. त्या बाटल्यांत सोनं नव्हतं, ते क्वांटम डॉट्स होते, म्हणजे सेमीकंडक्टरचे कण, ज्यांच्यासाठी २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना मिळालं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि हा घोळ मला पोरांच्या उत्तरांत, व्हिडिओत, पेपरात सगळीकडे दिसतो, म्हणून म्हटलं एकदा बसून सविस्तर लिहावं. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण धातूच्या आत इलेक्ट्रॉन काय करतात तो भाग प्लीज ठेवा, कारण सगळा विषय तिथेच आहे.

क्वांटम डॉटमध्ये कण दोन ते सहा-सात नॅनोमीटरचा असतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), इलेक्ट्रॉनला फिरायला जागाच कमी, त्यामुळे त्याच्या एनर्जी लेव्हल्स, म्हणजे एनर्जीच्या ठरावीक पायऱ्या, एकमेकींपासून लांब जातात आणि कण जेवढा लहान तेवढा रंग निळ्याकडे सरकतो. तिथे सगळं आकारावर चालतं, एका इलेक्ट्रॉनची उडी आणि एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, असा हिशोब. सोन्याच्या कणाची गोष्टच वेगळी आहे. २० नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा गोळा घ्या, त्यात साधारण अडीच लाख अणू असतात आणि प्रत्येक अणू आपला एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो, म्हणजे अडीच लाख मोकळे इलेक्ट्रॉन झाले. एवढ्या गर्दीत लेव्हल्स इतक्या दाटीने बसलेल्या असतात की शेजारच्या दोन लेव्हल्समधलं अंतर खोलीच्या तापमानाला आपसूक मिळणाऱ्या एनर्जीपेक्षा शेकडो पटींनी कमी भरतं, मग त्या सुट्या सुट्या मोजण्यात अर्थच राहत नाही. म्हणूनच १९०८ साली, आज आपण शिकवतो ते क्वांटम मेकॅनिक्स अजून जन्मालाही आलेलं नव्हतं तेव्हा, गुस्ताफ मी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने सोन्याचे प्रयोगात मोजलेले प्रकाशाचे गुणधर्म घेतले, मॅक्सवेलची वीज, चुंबक आणि प्रकाश यांची समीकरणं गोळ्यासाठी सोडवली आणि सोन्याच्या द्रावणाचा लाल रंग गणितातून काढून दाखवला. ही समीकरणं त्याच्याही चाळीसेक वर्षं आधीची. म्हणजे या रंगाचं श्रेय क्वांटमला द्यायची काहीच गरज नाही. (दोन नॅनोमीटरच्या खाली गेलात, शे-दोनशे अणूंचाच गठ्ठा उरला, की मग मात्र सोनं रेणूसारखं वागायला लागतं, लेव्हल्स खरंच सुट्या होतात, पण तिथे तो लाल रंगच जातो. लेखात लिहिलं होतं त्याच्या बरोब्बर उलट.)

आता आत काय होतं ते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५२० नॅनोमीटर धरा, कण २० चा. लाटेच्या मानाने कण इतका छोटा की कुठल्याही एका क्षणी अख्ख्या कणाला प्रकाशाचं इलेक्ट्रिक फील्ड एकाच दिशेला ओढत असतं. सगळे मोकळे इलेक्ट्रॉन मिळून किंचित एका बाजूला सरकतात, त्या बाजूला निगेटिव्ह चार्ज साठतो, दुसऱ्या बाजूला मागे राहिलेले पॉझिटिव्ह आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) उघडे पडतात आणि ते इलेक्ट्रॉनना परत खेचतात, इलेक्ट्रॉन परत येतात ते मध्यावर न थांबता पलीकडे जातात, तोवर प्रकाशाचं फील्डही उलटलेलं असतं आणि ते आणखी ढकलतं. पातेल्यातलं पाणी ठरावीक ठेक्यात हलवलं की कसं जोरात हिंदकळायला लागतं आणि ठेका चुकला की नुसतं थरथरतं, तसं हे. सोन्याच्या गोळ्याचा ठेका पाण्यात असताना ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या आसपास बसतो, चांदीचा ४०० च्या आसपास (तरंगलांबी जेवढी जास्त तेवढा ठेका संथ). सगळ्या इलेक्ट्रॉनच्या या एकत्र हिंदकळण्याला प्लास्मॉन म्हणतात, आणि कणाच्या पृष्ठभागावर चार्ज साठून ते होतं म्हणून सरफेस प्लास्मॉन.

यातली एक गोष्ट पोरांना सांगितली की ती गप्प होऊन ऐकतात. सोन्यातला एकेकटा इलेक्ट्रॉन अंधारातसुद्धा सेकंदाला सुमारे १४०० किलोमीटर वेगाने सैरावैरा पळत असतो, प्रकाश असो नसो. साध्या प्रकाशात प्लास्मॉनमुळे जी सरक होते ती यापुढे काहीच नाही, अणूच्या आकारापेक्षाही कितीतरी कमी अंतर. पण सैरावैरा पळणाऱ्यांची बेरीज शून्य होते आणि ही इवलीशी सरक अडीच लाख इलेक्ट्रॉन एकाच दिशेला करतात, म्हणून बाहेर जाणवते ती हीच. सेकंदाला ५८० लाख कोटी वेळा ही सरक इकडून तिकडे होते. एक फेरी जेमतेम १.७ फेमटोसेकंदाची (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग).

या जोराच्या हिंदकळण्याला लागणारी एनर्जी कण हिरव्या प्रकाशातून काढून घेतो, हिरवा गेला की उरलेला प्रकाश आपल्याला लाल दिसतो, झालं. आणि घेतो तोही थोडाथोडका नाही, कणाच्या आडव्या छेदावर जेवढा प्रकाश सरळ पडतो त्याहून जास्त प्रकाश तो ओढून घेऊ शकतो, कारण हिंदकळणाऱ्या चार्जचं स्वतःचं फील्ड आजूबाजूच्या प्रकाशाची वाट वाकवून आपल्याकडे वळवतं. साध्या रंगाचा एक रेणू जेवढा प्रकाश शोषतो त्याच्या हजारो पट एक सोन्याचा कण शोषतो. दागिन्यातल्या सोन्याचा पिवळा रंग मात्र या प्रकाराचा नाही हं, तो सोन्याच्या आतल्या, अणूला बांधलेल्या इलेक्ट्रॉनच्या उड्यांमुळे येतो, ते निळा प्रकाश खातात म्हणून उरलेला पिवळा. दोन्ही एकाच धातूत, पण कारणं दोन वेगळी. ही फोड पुस्तकातसुद्धा कुणी नीट करत नाही.

मग आकाराचा काही संबंध आहे का? आहे, पण लोक समजतात तसा नाही. गोल कण लहान असेपर्यंत त्याचा ठेका आकारावर जवळजवळ अवलंबूनच नसतो, १० चा घ्या नाहीतर २० चा, रंग तोच. १०० नॅनोमीटरचा झाला की ठेका ५७० च्या आसपास सरकतो, कारण आता कणाच्या एका टोकाला फील्ड वेगळं आणि दुसऱ्या टोकाला वेगळं व्हायला लागतं. खरा फरक पडतो तो घडणीने. त्याच सोन्याची कांडी केली, रुंदीच्या चौपट लांब, की लांबीच्या दिशेने इलेक्ट्रॉनना परत खेचणारा जोर कमी पडतो, ठेका संथ होतो आणि थेट ८०० नॅनोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये. आणि आजूबाजूला काय आहे, पाणी की काच की कणाला चिकटलेलं प्रोटीन, त्यानेही ठेका हलतो. पृष्ठभागावर काहीतरी चिकटलं की ठेका किती हलला ते मोजायचं, एवढ्या एका गोष्टीवर बायोसेन्सरचा अख्खा धंदा उभा आहे, १९९० पासून अशी मशीन विकत मिळतात. त्यात कण नसतात, काचेवर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा सपाट थर असतो आणि काचेच्या बाजूने तिरका प्रकाश टाकतात. ही तिरक्या प्रकाशाची युक्ती १९६८ मध्ये ओटो यांनी आणि वेगळ्या मांडणीने क्रेचमन व रेथर यांनी दाखवली.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर सोन्याचं द्रावण बनताना बघावं. १९५१ ची टर्केविचची रीत आहे, अजूनही जगभर तीच वापरतात. क्लोरोऑरिक ॲसिडचं, म्हणजे सोनं आयनच्या रूपात असलेलं, फिकट पिवळं पाणी उकळत ठेवायचं, काचेचं भांडं आधी आक्वा रेजियाने (तीव्र ॲसिडांच्या मिश्रणाने) धुतलेलं पाहिजे, नाहीतर कुठल्यातरी डागावर सोनं बसतं आणि सगळं वाया जातं. उकळी आली की सोडियम सायट्रेट ओतायचं. आधी पिवळेपणा जातो आणि पाणी पार बिनरंगी होतं, तेव्हा नवीन पोरांना वाटतं फसलं. मग राखाडी झाक येते, काळपट निळा होतो, जांभळा, आणि बघता बघता लालभडक. काही मिनिटांचा कारभार. प्रत्येक रंग हे आत चाललेल्या घडामोडीचं रीडिंग आहे, त्या एवढ्याशा वेळात आयनचे अणू होतायत, अणूंचे गठ्ठे होतायत आणि शेवटी सुटे गोल कण होतायत.

मग त्यातलं थोडं दुसऱ्या टेस्ट ट्यूबमध्ये काढून चिमूटभर मीठ टाका. लालचं निळं होतं, डोळ्यांदेखत. मिठाची सोन्याशी कसलीही रासायनिक क्रिया झालेली नसते. कणांवर सायट्रेटचा निगेटिव्ह चार्ज असतो, त्यामुळे ते एकमेकांना लांब ठेवतात, मिठाचे आयन तो चार्ज झाकून टाकतात आणि कण जवळ येऊन चिकटायला लागतात. दोन कण इतके जवळ आले की एकाच्या हिंदकळणाऱ्या इलेक्ट्रॉनचं फील्ड शेजारच्याला जाणवतं, की दोघांचे इलेक्ट्रॉन मिळून एका नव्या, संथ ठेक्यात हलतात, आता हिरव्याऐवजी तांबडा-केशरी प्रकाश खाल्ला जातो आणि उरतो निळा. सोनं तेवढंच आहे, कणही तेवढेच मोठे आहेत, बदललं ते फक्त त्यांच्यामधलं अंतर. क्वांटम डॉटवाल्या स्पष्टीकरणात हा प्रयोग कुठेच बसत नाही, आणि माझ्या मते हा एक प्रयोग दाखवला तर तो गैरसमज कायमचा जातो.

फॅरेडेने हे १८५७ मध्ये बघितलं होतं. सोन्याच्या क्षाराच्या पाण्यावर कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवलेला फॉस्फरस वापरून त्याने माणकासारखं लाल पाणी बनवलं, मीठ टाकून ते निळं करून पाहिलं, जेली घातली की मिठाने रंग बदलत नाही हेही पाहिलं, आणि या लाल पाण्यात सोनं विरघळलेलं नसून अतिशय बारीक कणांच्या रूपात तरंगतंय हे सांगितलं. तेव्हा त्याच्याकडे कण दिसेल असा कुठलाही मायक्रोस्कोप नव्हता, इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून चाळीस वर्षं होती. पाण्यातून प्रकाशाचा झोत सोडला की बाजूने तो झोत दिसतो, यावरून त्याने ओळखलं. त्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून ठेवलेल्या आहेत, आणि द्रावण अजूनही लालच आहे. अशा कणांचे एकेकटे ठिपके बघण्यासाठी झिगमंडी यांनी अल्ट्रामायक्रोस्कोप वापरला तो पुढे विसाव्या शतकात, त्यांना १९२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

त्याच्याही कितीतरी आधीचा नमुना म्हणजे ब्रिटिश म्युझियममधला लायकर्गस कप, चौथ्या शतकातला रोमन काचेचा पेला. बाहेरून उजेड पडला की हिरवा दिसतो, आत दिवा ठेवला की लाल. काचेत दहा लाख भागांमागे साधारण ३०० भाग चांदी आणि ४० भाग सोनं, एवढंसंच, पण ते ५० ते १०० नॅनोमीटरच्या मिश्रधातूच्या कणांच्या रूपात. एवढे मोठे कण प्रकाश नुसता गिळत नाहीत तर विखुरतातसुद्धा, विखुरलेला हिरवट प्रकाश आपल्याकडे परत येतो आणि आरपार जातो तो लाल. एकाच हिंदकळण्याचे हे दोन परिणाम. लहान कणात गिळणं जास्त, मोठ्या कणात विखुरणं जास्त.

रंगाचं एवढं पुरे. माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट कणाच्या अगदी लगत घडते आणि पेपरात ती कधीच येत नाही. इलेक्ट्रॉन एका बाजूला जमले की कणाच्या त्या टोकाशी फील्ड प्रचंड वाढतं, टोक अणकुचीदार असेल तर आणखी वाढतं, आणि दोन कणांमध्ये नॅनोमीटरभर फट असेल तर त्या फटीत सगळ्यात जास्त. साध्या लेन्सने प्रकाश तरंगलांबीच्या अर्ध्याहून बारीक जागेत एकवटता येत नाही, दिसणाऱ्या प्रकाशात ही मर्यादा २०० नॅनोमीटरच्या पुढेमागे येते, जर्मन शास्त्रज्ञ आबे यांनी १८७३ मध्येच सांगून ठेवलंय. धातूच्या फटीत मात्र तोच प्रकाश एक-दोन नॅनोमीटरमध्ये एकवटतो, कारण आता एनर्जी नुसत्या लाटेत नाही, इलेक्ट्रॉनच्या हालचालीतही आहे. २००७ मध्ये चांदीच्या त्रिकोणी कणांवरून बारीक इलेक्ट्रॉन बीम फिरवून, बीम कुठे किती एनर्जी गमावतो ते मोजून, याचे नकाशे काढले गेले, त्यात त्रिकोणाचे कोपरे उठून दिसतात. फट मात्र कितीही कमी करून चालत नाही. अर्ध्या नॅनोमीटरच्याही खाली गेली की इलेक्ट्रॉन सरळ पलीकडे उडी मारायला लागतात, टनेलिंग होतं आणि वाढलेलं फील्ड परत उतरतं. क्वांटम हा शब्द वापरायचाच असेल तर इथे वापरा, इथे तो शोभतो.

या फटींचा शोध कसा लागला ते सांगायलाच हवं. रामन परिणाम तुमचे वाचक ओळखतात, १९२८, रेणूवर आपटून परत येताना प्रकाशाचा रंग किंचित बदलतो आणि त्या बदलावरून रेणू ओळखता येतो. अडचण ही की हे फार क्वचित होतं, कोटी फोटॉनमागे एखादा. १९७४ मध्ये इंग्लंडच्या साउदम्प्टनमध्ये फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांनी चांदीचा इलेक्ट्रोड मुद्दाम खरबरीत केला आणि त्यावरच्या पिरिडिन या पदार्थाचा रामन सिग्नल घेतला, तो चांगलाच तगडा आला. त्यांना वाटलं खरबरीत केल्याने पृष्ठभाग वाढला, जास्त रेणू बसले, म्हणून सिग्नल वाढला, आणि कुणालाही तसंच वाटलं असतं. पण १९७७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे हिशोब घातला, की वाढलेल्या पृष्ठभागामुळे जेवढं व्हायला हवं त्यापेक्षा सिग्नल लाख-दहा लाख पट आहे, म्हणजे दुसरंच काहीतरी चाललंय. ते दुसरं म्हणजे मुख्यतः चांदीच्या उंचसखल भागांतले प्लास्मॉन. येणारा प्रकाशही वाढतो आणि रेणूने परत सोडलेलाही वाढतो, त्यामुळे फील्ड दहा पट झालं तर सिग्नल दहा हजार पट होतो, शंभर पट झालं तर दहा कोटी पट. १९९७ मध्ये या मार्गाने एकेकट्या रेणूचा रामन सिग्नल घेतल्याचं दोन गटांनी स्वतंत्रपणे जाहीर केलं. ज्या परिणामाला कोटीतला एखादा फोटॉन मिळतो, तो आता एका रेणूवरून वाचता येतो, तेही धातूतले इलेक्ट्रॉन मध्ये हिंदकळतात म्हणून. दर २८ फेब्रुवारीला रामन यांचा तोच फोटो आणि तीच चार वाक्यं छापण्यापेक्षा एखाद्या वर्षी हे छापा, मनापासून सांगते.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो. तुमच्या त्या लेखात शेवटी म्हटलं होतं की अशा धातूच्या नॅनो रचनांमुळे लवकरच प्रकाशावर चालणारे, हजारो पट वेगवान कॉम्प्युटर येतील. हे मी कितीतरी वर्षं ऐकतेय. २००० नंतरच्या दशकात या क्षेत्रात खरंच तशी आशा होती, तारेतल्या विजेऐवजी धातूच्या पृष्ठभागावरून प्लास्मॉन पळवायचे, चिप प्रकाशाच्या वेगाने आणि ट्रान्झिस्टरएवढ्या लहान. ते झालं नाही, आणि का झालं नाही हे कळण्यात खरं फिजिक्स आहे. हिंदकळणारे इलेक्ट्रॉन एकमेकांवर, अणूंच्या थरथरण्यावर, पृष्ठभागावर आपटत राहतात आणि साधारण १० फेमटोसेकंदांच्या आसपास ती शिस्तबद्ध हालचाल मोडून पडते. वर सांगितलं की एक फेरी १.७ ची, म्हणजे पाच-सहा फेऱ्या आणि संपलं. सपाट चांदीवरून दिसणाऱ्या प्रकाशाचे प्लास्मॉन पळवले तर ते मायक्रोमीटरच्या दहा-वीस-पन्नास पटींच्या हिशोबात जातात आणि विरतात, आणि जास्त बारीक जागेत कोंबले तर आणखी आधी.

लोक म्हणतात डिझाइन सुधारू. पण इथे सुटका नाही, आणि कारण सोपं आहे. मोकळ्या प्रकाशात एनर्जी निम्मी इलेक्ट्रिक फील्डमध्ये असते आणि निम्मी मॅग्नेटिक फील्डमध्ये. तरंगलांबीपेक्षा खूप बारीक जागेत कोंबला की मॅग्नेटिक फील्डला तेवढी जागाच पुरत नाही, मग तो निम्मा वाटा जातो कुठे, तर इलेक्ट्रॉनच्या हालचालीत. म्हणजे प्रत्येक फेरीत अर्धा वेळ एनर्जी इलेक्ट्रॉनच्या ताब्यात, आणि इलेक्ट्रॉन आपटणार म्हणजे आपटणारच. ज्या कारणाने प्रकाश एवढ्याशा फटीत मावतो त्याच कारणाने तो तिथे टिकत नाही. रचना गोल करा, त्रिकोणी करा, काहीही करा, धातू तोच असेल तर नुकसानही जवळपास तेवढंच. म्हणून तर सोनं आणि चांदी, त्यांच्यात हे आपटणं त्यातल्या त्यात कमी. प्लॅटिनममध्ये प्लास्मॉन धड उभाच राहत नाही, लगेच मरतो. ॲल्युमिनियम अल्ट्राव्हायोलेटमध्ये चांगलं काम देतं, स्वस्तही आहे.

आणि मोडून पडलेली एनर्जी जाते कुठे? आधी थोड्या इलेक्ट्रॉनना भरपूर एनर्जी मिळते, ते ती काहीशे फेमटोसेकंदांत बाकीच्या इलेक्ट्रॉनमध्ये वाटतात, मग एक ते काही पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद) अणू थरथरायला लागतात म्हणजे कण तापतो, आणि पुढच्या दहा-शंभर पिकोसेकंदांत आजूबाजूचं पाणी तापतं. प्रकाश पडल्यापासून पाणी तापेपर्यंत सगळं सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत. कॉम्प्युटरवाल्यांच्या दृष्टीने हे नुकसान. पण दुसऱ्या कुणाला नेमकी हीच उष्णता हवी असते, अगदी बारीक ठिकाणी, अगदी हव्या त्या क्षणी, आणि प्लास्मॉनचे जे उपयोग खरंच चालले त्यातले बरेचसे इथलेच आहेत.

हार्डडिस्कचं बघा. डेटा जास्त दाट लिहायचा तर डिस्कचा चुंबकीय पदार्थ कडक, म्हणजे चुंबकाची दिशा सहजी न बदलणारा, लागतो, नाहीतर खोलीच्या उष्णतेनेच बिट उलटतात, आणि कडक पदार्थावर थंड असताना लिहिता येत नाही. उपाय असा केला की लिहिणाऱ्या हेडमध्ये छोटा लेझर आणि सोन्याचा नॅनोमीटरच्या मापाचा अँटेना बसवला, लेझर पडला की अँटेनाच्या टोकाशी प्रकाश काही दहा नॅनोमीटरमध्ये एकवटतो, डिस्कवरचा तेवढाच ठिपका चारशे अंश सेल्सिअसच्या वर तापतो, बिट लिहिला जातो आणि ठिपका नॅनोसेकंदात गार होतो. अशा डिस्क डेटा सेंटरसाठी बाजारात आलेल्या आहेत. कॉम्प्युटरमध्ये प्लास्मॉन शिरला तो असा, लेखात लिहिलेल्या दाराने नाही.

कॅन्सरच्या बाबतीत जास्त जपून लिहा अशी विनंती आहे. कल्पना चांगली आहे, ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या दरम्यान रक्त आणि पाणी दोन्ही प्रकाश कमी शोषतात, तो शरीरात काही सेंटीमीटर आत जातो, आणि सोन्याच्या कांड्या किंवा सिलिकाच्या गोळीवर सोन्याचं पातळ कवच असलेले कण यांचा ठेका नेमका तिथे बसवता येतो, मग गाठीत कण, बाहेरून लेझर, गाठ तापते. राइस युनिव्हर्सिटीत नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटांनी २००३ मध्ये हे प्राण्यांवर दाखवलं, २०१९ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या थोड्या रुग्णांवरच्या प्राथमिक चाचणीचे निकाल आले. प्राथमिक, हा शब्द हेडिंगमध्ये पाहिजे. घरात कुणी आजारी असलेला माणूस तुमचं हेडिंग वाचून डॉक्टरांकडे जातो आणि सोन्याची ट्रीटमेंट मागतो, त्याच्यावर काय वेळ येते याचा विचार करा.

उलट जे आजच घराघरात पोचलंय त्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. प्रेग्नन्सी टेस्टच्या किंवा कोविडच्या रॅपिड टेस्टच्या पट्टीवर जी लालसर-गुलाबी रेघ उमटते ती बऱ्याचशा किटमध्ये सोन्याच्या कणांची असते (काहींत रंगीत लॅटेक्सचे मणी असतात). कणांवर अँटिबॉडी बसवलेली, नमुन्यात हवा तो रेणू असेल तर तो कणाला धरतो, पट्टीवरच्या रेघेतली दुसरी अँटिबॉडी त्या रेणूला धरते, आणि कण तिथे साठत जातात. ना बॅटरी, ना मशीन, तरी डोळ्याला दिसतं, कारण एकेक कण एवढा जोरात हिरवा प्रकाश खातो. इतकी माणसं ती रेघ श्वास रोखून बघतात आणि तिचा रंग इलेक्ट्रॉनच्या हिंदकळण्याचा आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एका ठिकाणी शास्त्रज्ञांमध्येच मतभेद आहेत, तेही लपवू नका. प्लास्मॉन मोडल्यावर ज्या थोड्या इलेक्ट्रॉनना भरपूर एनर्जी मिळते त्यांना हॉट इलेक्ट्रॉन म्हणतात, ते कणाला चिकटलेल्या रेणूत शिरून त्याचा बंध तोडतात आणि अशा रीतीने प्रकाशाने रासायनिक क्रिया घडवता येतात असे बरेच पेपर आहेत. दुसरी बाजू म्हणते, तुम्ही कणाचं खरं तापमान नीट मोजलेलं नाही, यातलं बरंचसं साध्या तापण्याने होतंय. मला स्वतःला वाटतं प्रत्येक क्रियेत दोन्हींचा वाटा वेगळा निघेल आणि एकच उत्तर सगळीकडे लागू होणार नाही, पण हा वाद वाचकांना कळला पाहिजे. दोन बाजू काय मोजतायत आणि कशावरून भांडतायत हे वाचून पोरांना संशोधन म्हणजे काय ते जास्त कळेल.

तर विनंती एवढीच. नॅनो धातूंची बातमी आली की कण कुठल्या धातूचा आहे, कुठल्या रंगाचा प्रकाश आहे आणि शोषलेली एनर्जी शेवटी कुठे जाते, हे बातमी देणाऱ्याला विचारून घ्या, एका फोनचं काम आहे, आणि उत्तर मिळालं नाही तर बातमी एक दिवस थांबवा. त्या लेखाचा खुलासा छापणार असाल तर चमकणाऱ्या बाटल्यांच्या जागी दोन टेस्ट ट्यूबचा फोटो टाका, एक लाल, एक निळी, आणि खाली लिहा की दोन्हींत सोनं तेवढंच आहे, दुसरीत फक्त मीठ टाकलंय. फोटो नसेल तर मी काढून पाठवते, द्रावण लॅबमध्ये तयारच असतं.

आपली,
फिजिक्स शिकवणारी एक वाचक